गाठ साधी, नस मोलाची

१९३६ साली फिलाडेल्फियातले पॅथॉलॉजिस्ट जोसेफ मॅकफार्लंड यांनी शस्त्रक्रियेच्या एका नियतकालिकात निबंध छापला. त्याच्या शीर्षकातच सगळा हिशेब होता: लाळग्रंथींच्या ३०० मिश्र गाठी, त्यांपैकी ६९ पुन्हा उद्भवल्या. म्हणजे दर चार-पाच रुग्णांमागे एक जण काही वर्षांनी त्याच जागी, त्याच कानाखाली हात लावत डॉक्टरांकडे परत आलेला. आणि ही गाठ कॅन्सरची नाही. ती दुखत नाही, खुपत नाही, शेजारच्या अवयवांत घुसत नाही. वर्षानुवर्षे कणाकणाने वाढते. काढताना तर अलगद सुटून हातात येते. मग ती परत का येते?

लाळग्रंथींच्या सौम्य गाठींच्या गेल्या दोनशे वर्षांकडे वळून पाहताना हा प्रश्न मला मध्यभागी दिसतो. कॅन्सरच्या इतिहासात यश मोजायचे ते रुग्ण किती वर्षे जगला यावर. या गाठींनी सहसा कोणाचा जीव जात नाही. इथे यश मोजायचे ते रुग्णाला ऑपरेशननंतर डोळा मिटता येतो का, हसताना ओठ सरळ राहतो का, जेवताना गालावरून घाम ओघळतो का, यांवरून. वैद्यकाच्या इतिहासात अशा गोष्टींना मानाचे पान क्वचित मिळते. ते मिळायला हवे असे मला मनापासून वाटते.

आधी ग्रंथींची ओळख करून घेऊ. आपल्या तोंडात दिवसभरात साधारण एक लिटर लाळ येते. ती तीन मोठ्या जोड्यांतून आणि ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात विखुरलेल्या सहाशे ते हजार बारीक ग्रंथींतून पाझरते. जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळीचे वर्णन १६५६ साली लंडनच्या थॉमस व्हार्टन यांनी केले. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीची नळी १६६० साली ॲमस्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना बाविशीतल्या नील्स स्टेन्सनला सापडली. गालगुंड झाले की फुगते ती हीच पॅरोटिड. गाठींच्या बाबतीत सर्जन मंडळींचा एक ढोबळ आडाखा आहे. लाळग्रंथींच्या सुमारे ८० टक्के गाठी पॅरोटिडमध्ये होतात, पॅरोटिडच्या गाठींपैकी सुमारे ८० टक्के सौम्य असतात, आणि त्या सौम्य गाठींमध्ये सर्वांत मोठा वाटा प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाचा, म्हणजे जुन्या भाषेतल्या मिश्र गाठीचा. ग्रंथी जितकी लहान, तितकी गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता जास्त. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते, जिभेखालच्या ग्रंथीत बहुतेक गाठी कॅन्सरच्याच निघतात. त्यामुळे टाळूवरचा लहानसा टेंगूळही कानाखालच्या मोठ्या गाठीपेक्षा अधिक बारकाईने पाहावा लागतो.

पॅरोटिडची खरी अडचण तिच्या पोटातून जाणारी चेहऱ्याची नस ही आहे. कानामागच्या हाडातल्या एका छिद्रातून ती बाहेर पडते, ग्रंथीत शिरते, आत तिला फाटे फुटतात आणि पंख्यासारख्या पसरलेल्या पाच मुख्य शाखा कपाळ, पापणी, गाल, ओठ आणि मान यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचतात. ग्रंथी या नसेभोवती सगळीकडून लपेटलेली असते. ग्रंथीतली गाठ काढणे म्हणजे या शाखांच्या आसपास वावरणे, त्याला दुसरा मार्ग नाही.

ही नस नेमके काय करते हेही दोनशे वर्षांपूर्वी नीट ठाऊक नव्हते. चेहऱ्यात असह्य कळा येणाऱ्या रुग्णांची हीच नस सर्जन कापत असत. कळा तशाच राहायच्या आणि वर तोंड वाकडे व्हायचे. १८२१ साली चार्ल्स बेल यांनी रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला. चेहऱ्यात दोन वेगळ्या नसा दोन वेगळी कामे करतात हे त्यांनी गाढवावरच्या प्रयोगांतून दाखवले. त्यांच्या मांडणीत चुका होत्या, त्या हर्बर्ट मेयो आणि फ्रान्स्वा माजेंदी यांनी दुरुस्त केल्या. पण चेहऱ्याच्या हालचाली सातव्या नसेच्या ताब्यात आहेत हे पक्के झाले. मी या मागोव्याची सुरुवात इथून धरतो. काय जपायचे हे कळल्याशिवाय ते जपण्याचे तंत्र निघणे शक्य नव्हते.

त्या काळात रुग्ण डॉक्टरांकडे केव्हा येत, याचा सर्वांत बोलका पुरावा चीनमधल्या कँटनचा आहे. अमेरिकी मिशनरी डॉक्टर पीटर पार्कर यांनी १८३५ साली तिथे डोळ्यांचे इस्पितळ उघडले. डोळ्यांच्या रुग्णांबरोबर गाठी घेऊन माणसे येऊ लागली. मोलमजुरी करणारी, वर्षानुवर्षे मानेवर, गालावर, कानाखाली ओझे वागवणारी. जानेवारी १८३६ मध्ये पार्कर यांनी अकाए नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या उजव्या कानशिलापासून तोंडापर्यंत उतरलेली गाठ काढली. ईथरची भूल अजून आलेली नव्हती, अफूवर भागवायचे. कँटनचे नामांकित चित्रकार लाम क्वा यांचा पुतण्या पार्कर यांच्या हाताखाली शिकत होता. त्यामुळे लाम क्वा या रुग्णांची तैलचित्रे काढून देऊ लागले. त्यांतली बरीचशी आज येल विद्यापीठाकडे आहेत. कानाखालून लोंबणाऱ्या, खडबडीत, कातडी शाबूत असलेल्या गाठी आणि त्या चेहऱ्यांवरची शांत, थेट नजर. काही चित्रांतल्या गाठींची जागा, आकार आणि वाढीची रीत पॅरोटिडच्या मिश्र गाठीशी पुरेपूर जुळते. माणूस गाठीसह अनेक वर्षे जगला आहे, खातो-पितो आहे, कामावर जातो आहे. सौम्य या वैद्यकीय शेऱ्याआड किती भोग असू शकतो हे या चित्रांइतके स्पष्ट मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिसले नाही.

दहा वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर दिले आणि जॉन कॉलिन्स वॉरन यांनी एका तरुणाच्या जबड्याखालची गाठ हाताळली. ती लाळग्रंथीची नव्हती, रक्तवाहिन्यांची होती. पण शरीराचा भाग तोच. भूल आली आणि घाई संपली. नस शोधायची तर सर्जनला वेळ हवा, आणि तो आता मिळाला. तरी पुढची पन्नास-साठ वर्षे त्याचा पुरता उपयोग झाला नाही. कारण गाठ दिसायला फार सोपी होती.

सर्जन बिलरोथ यांनी १८५९ साली लाळग्रंथींच्या गाठींवर सविस्तर लिहिले. पाठोपाठ जर्मन पॅथॉलॉजिस्टांनी या गाठीतले विलक्षण मिश्रण नोंदवले. एका कोपऱ्यात ग्रंथीच्या पेशी, दुसरीकडे चिकट बुळबुळीत पदार्थ, तिसरीकडे चक्क कूर्चा. लाळग्रंथीत कूर्चा कुठून आली यावर अनेक दशके वाद झाला. आज आपण जाणतो की हे सगळे एकाच मूळ पेशीचे निरनिराळे अवतार आहेत. ‘प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा’ हे नाव रूपर्ट विलिस यांनी १९४८ साली रूढ केले, पण जुने सर्जन अजूनही ‘मिक्स्ड ट्यूमर’च म्हणतात.

तर ही गाठ दिसायला सोपी. कातडीखाली टणक, हलणारी, भोवती गुळगुळीत आवरण. सर्जन वरची कातडी कापत, आवरणाला छेद देत आणि आतला गर कोरून काढत. नसेच्या वाटेला जायचेच नाही, म्हणजे तोंड वाकडे होण्याची भीती नाही. त्या काळाच्या दृष्टीने यात दयाबुद्धी होती हे मान्य करायला हवे. रुग्ण चार दिवसांत घरी जाई. आणि सहा-आठ वर्षांनी परत येई, तेव्हा त्या जागी एक गाठ नसे. जुन्या टाक्यांच्या आसपास बारीक बारीक गाठींचा पुंजका असे. तो काढणे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड, कारण आता सगळीकडे जखमेचा घट्ट व्रण आणि त्यातच कुठेतरी अडकलेली नस. मॅकफार्लंड यांच्या एकोणसत्तर रुग्णांची गोष्ट ही अशी.

या पुंजक्याचे स्पष्टीकरण त्या काळी असे देत की गाठ मुळातच अनेक ठिकाणी एकाच वेळी उगवते. सर्जनचा दोष नाही, रोगाचाच स्वभाव तसा. ही समजूत खोटी ठरवणारे काम लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये झाले. सर्जन डेव्हिड पेटी आणि पॅथॉलॉजिस्ट थॅकरे यांनी ऑपरेशनमध्ये निघालेल्या ग्रंथी गाठीसकट बारकाईने तपासल्या आणि १९५८ साली आपले निष्कर्ष छापले. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे आवरण सूक्ष्मदर्शकाखाली सर्वत्र सारखे नव्हते. कुठे जाड, कुठे कागदासारखे पातळ, तर काही जागी आवरण ओलांडून गाठीचे लहान कोंब बाहेर डोकावलेले. गर कोरून काढला की हे कोंब मागे राहतात. आवरण फुटून आतला चिकट पदार्थ जखमेत सांडला तर त्यातल्या पेशी जिथे पडतील तिथे रुजतात. पुंजका रोगाच्या स्वभावातून येत नव्हता; तो पहिल्या ऑपरेशनमधून येत होता.

पेटी-थॅकरे यांच्या आधीच काही सर्जन नसेच्या दिशेने वळले होते. मेयो क्लिनिकचे वॉल्टर सिस्ट्रंक यांनी १९२१ मध्ये खालच्या ओठाकडे जाणारी शाखा आधी शोधून तिच्या मागे मागे मूळ नसेपर्यंत जाण्याची रीत सांगितली. टोरांटोचे रॉबर्ट जेन्स आणि इंग्लंडचे हॅमिल्टन बेली यांनी १९४० च्या सुमारास नसेचे मूळ खोड आधी गाठावे, मग शाखा मोकळ्या कराव्यात आणि नसेच्या वरचा ग्रंथीचा भाग गाठीसकट अखंड काढावा, असा मार्ग घालून दिला. पेटी यांच्या अभ्यासाने या मार्गाला कारण मिळाले. पुढची चाळीस वर्षे हेच प्रमाण ऑपरेशन राहिले. गाठ परत येण्याचे प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांपर्यंत खाली आले.

हे ऑपरेशन जवळून कसे असते ते सांगायला हवे, कारण एरवी ‘नस वाचवली’ हे दोन शब्द फार हलके वाटतात. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते, पण भूलतज्ज्ञ स्नायू ढिले पाडणारे औषध बेताने देतो. ते चालू राहिले तर नसेला स्पर्श झाल्याचे चेहऱ्यावर कळणार नाही. डोळ्याचा आणि तोंडाचा कोपरा चादरीबाहेर, सर्वांना दिसेल असा ठेवतात. छेद कानाच्या पुढून खाली येतो, पाळीखालून मागे वळतो आणि मानेच्या घडीत उतरतो. ही रेघ सेंट लुइसच्या ब्लेअर यांनी १९१२ मध्ये आखली, बेली यांनी तिला वळण दिले, आणि महिन्याभरात ती कातडीच्या सुरकुत्यांत मिसळून जाते. पाळीला संवेदना देणारी नस आधी दिसते. जमले तर तिची मागची शाखा वाचवतात. मग कानाच्या पुढच्या कूर्चेच्या कडेने आत जात राहायचे. या कूर्चेचे आतले टोक खाली आणि आत दिशा दाखवते. त्याच्या साधारण एक सेंटिमीटर पुढे, एका स्नायूच्या वरच्या काठाशी नसेचे खोड असते. पांढरे, किंचित चमकदार, जाडसर शेवईएवढे. इथपर्यंत यायला निष्णात हातालाही वेळ लागतो आणि तो लागू द्यायचा असतो. विजेच्या सूक्ष्म झटक्याची सळई टेकवली की तोंडाचा कोपरा थरकतो. तो थरकला की खोलीतल्या सगळ्यांचा श्वास मोकळा होतो. मग त्या खोडापासून एकेक शाखा बारीक चिमट्याने उलगडत पुढे जायचे, शाखेच्या वरचे उचलायचे, खालचे तसेच राहू द्यायचे. गाठ शाखेला चिकटलेली असेल तर तिथे एक-दोन मिलिमीटरच हाती असतात, कधी तेही नसतात. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच रुग्णाला पहिले वाक्य सांगतात ते ‘डोळे घट्ट मिटा, दात दाखवा’.

पण याचीही किंमत होती. नस ताणली गेल्याने काही आठवडे किंवा महिने चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणे बऱ्याच रुग्णांत दिसे. जबड्यामागे खळगा पडे, कानाची पाळी बधिर राही, आणि काहींना आणखी एक चमत्कारिक त्रास होई: जेवायला बसले की त्या गालावर घाम फुटे.

या घामाचे कोडे उलगडणाऱ्या बाईंची आठवण काढल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. लूत्सिया फ्राय या ल्वूव शहरातल्या ज्यू कुटुंबात १८८९ साली जन्मलेल्या मेंदू-नसांच्या डॉक्टर. वॉर्सामध्ये काम करताना त्यांच्याकडे पॅरोटिडजवळ गोळी लागलेला एक पोलिश सैनिक आला. जखम भरली, पण खाताना त्या बाजूच्या गालावर लाली आणि घाम. असे रुग्ण पूर्वीही नोंदले गेले होते. फ्राय यांनी १९२३ च्या निबंधात कानशिलाकडे जाणाऱ्या एका विशिष्ट नसेवर बोट ठेवले. लाळेला आज्ञा देणारे तंतू तिच्यातून जातात. जखमेत ते तुटले की पुन्हा वाढताना वाट चुकतात आणि कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. मेंदू ‘लाळ सोड’ म्हणतो आणि गाल घामेजतो. पॅरोटिडची ऑपरेशने वाढली तसा हा त्रास सर्रास दिसू लागला आणि त्याला फ्राय यांचेच नाव मिळाले. नाझी सैन्याने ल्वूव घेतल्यावर त्या ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत कोंडल्या गेल्या, तिथेही रुग्ण पाहत राहिल्या, आणि बहुधा १९४२ मध्ये तिथेच मारल्या गेल्या. जगभरचे सर्जन संमतिपत्रावर सही घेताना रोज हे नाव उच्चारतात. त्यामागचे आयुष्य त्यांनी शिकवताना सांगावे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो. १९९० च्या दशकापासून या घामावर बोटुलिनम विषाची बारीक इंजेक्शने उपयोगी पडू लागली आहेत.

दरम्यान निदानाच्या बाजूने एक शांत क्रांती झाली होती. गाठीला सुई लावायची नाही हा जुना नियम. आपल्याकडेही ‘सुई टोचली की गाठ पसरते’ ही भीती अजून घराघरात आहे, आणि मिश्र गाठीच्या बाबतीत ती डॉक्टरांनाही होती, कारण सांडलेल्या पेशी रुजतात हे त्यांनी पाहिले होते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये फ्रान्झेन, झायिचेक आणि एनेरॉथ यांनी अगदी बारीक सुईने पेशी ओढून तपासण्याची पद्धत रुळवली आणि १९६० च्या दशकात एक हजार लाळग्रंथी-गाठींचा अनुभव मांडला. इतक्या बारीक सुईने गाठ पसरल्याचे दिसले नाही. आज जिल्ह्याच्या ठिकाणची लॅबही ही तपासणी (एफएनएसी) करून देते. मिश्र गाठीची काच रंगवली की चित्र ओळखीचे असते. झगझगीत किरमिजी, तंतुमय पदार्थ आणि त्याच्या धाग्यांत अडकलेल्या, एकमेकींसारख्या, शांत दिसणाऱ्या पेशी. हा रंग एकदा पाहिलेला पॅथॉलॉजिस्ट तो विसरत नाही. अडचण उरते ती पदार्थ कमी आणि पेशी जास्त असलेल्या गाठींची. तिथे सौम्य की घातक हे सुईवरून ठरत नाही, कारण गाठ आवरण फोडून बाहेर घुसते आहे का हे सुटी पेशी सांगू शकत नाही. लाळग्रंथींच्या सुई-तपासणीचे रिपोर्ट लिहिण्याच्या, २०१८ साली छापल्या गेलेल्या मिलान पद्धतीने अशा संदिग्ध गाठींना वेगळे खाते दिले, हे मला त्या पद्धतीचे सर्वांत प्रामाणिक काम वाटते. ‘नक्की सांगता येत नाही’ हे रिपोर्टात लिहायला जागा झाली.

पुन्हा सर्जरीकडे. ग्रंथीचा वरचा सगळा भाग काढण्याची रीत पक्की झाली असताना मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये ॲलन निकल्सन वेगळ्या वाटेने जात होते. गाठ लहान, हलती आणि वरवरची असेल तर ते नसेचे खोड शोधायला जात नसत. गाठीच्या आवरणाबाहेरून, निरोगी ग्रंथीचा पातळ थर सोबत घेऊन, ती अखंड सोडवत. जुन्या कोरण्याशी याची गल्लत करू नये. तिथे आवरण फोडत, इथे आवरणाला हातही लावत नाहीत. टीका भरपूर झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती. शिकाऊ हातात ही रीत सहज जुन्या कोरण्यात बदलू शकते. पण निकल्सन यांच्या बाजूचा मुद्दा बिनतोड होता. मोठ्या ऑपरेशनमध्येही जिथे गाठ नसेला टेकलेली असते तिथे आवरण उघडेच पडते, कारण नस आणि गाठ यांच्यामध्ये दुसरे काही नसते. न्यूयॉर्कचे जॉन कॉन्ली यांनी सहकाऱ्यासह १९८४ मध्ये हीच गोष्ट दाखवून दिली. मग उरलेल्या बाजूंना सेंटिमीटरभर निरोगी ग्रंथी काढून काय साधले? २००३ साली मॅकगर्क आणि सहकाऱ्यांनी ख्रिस्टीमधला चाळीस वर्षांचा अनुभव छापला. दोन्ही रीतींत गाठ परत येण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आतबाहेर, सारखेच. मात्र चेहऱ्याची तात्पुरती कमजोरी मोठ्या ऑपरेशननंतर ३२ टक्के, आवरणाबाहेरून सोडवल्यावर १० टक्के. खाताना घाम येण्याचा त्रास ३२ विरुद्ध ५ टक्के. एक गोष्ट लक्षात ठेवायची: कोणत्या रुग्णाला कोणते ऑपरेशन हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, सोप्या गाठी सोप्या रीतीकडे गेल्या असणार. तरीही पेटी यांच्यानंतर अर्ध्या शतकाने ‘किती काढायचे’ हा प्रश्न पुन्हा उघडला गेला. तो अजून पुरता मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर, लहान, हलत्या गाठीसाठी अनुभवी हातात छोटी रीत न्याय्य आहे. मात्र नस शोधता येणाऱ्या सर्जननेच नस न शोधण्याचा निर्णय घ्यावा.

दुसऱ्या क्रमांकाची सौम्य गाठ वॉर्थिनची. मिशिगनचे पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९२९ साली दोन रुग्णांवरून तिचे वर्णन केले. ती मऊ असते, कधी दोन्ही बाजूंना, बहुधा पन्नाशी-साठीच्या माणसात, आणि तो माणूस बहुधा सिगारेट ओढणारा असतो. पूर्वी ती पुरुषांची गाठ समजली जाई. बायकांमध्ये धूम्रपान वाढले तसे हे अंतर कमी झाले. युरोपातल्या काही केंद्रांत तिने मिश्र गाठीला मागे टाकले आहे. हिरोशिमा आणि नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेल्यांच्या अनेक दशकांच्या पाहणीतही ती पुन्हा समोर आली. १९९६ मध्ये छापलेल्या विश्लेषणात किरणोत्साराच्या मात्रेबरोबर वाढणाऱ्या सौम्य गाठींत तिचा संबंध ठळक दिसला. आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे सर्वांना माहीत झाल्यामुळे कानाखालच्या कुठल्याही गाठीचे खापर त्यावरच फोडले जाते. मिश्र गाठीशी तंबाखूचा असा ठोस संबंध दिसलेला नाही. ती तिशी-चाळिशीतल्या, कधी सुपारीचे खांडही न खाल्लेल्या बाईला होते, आणि घरचे तिलाच काय काय विचारत बसतात. हे थांबायला हवे.

पेशीच्या आतल्या गोष्टी थोडक्यात. १९८० च्या दशकात स्वीडिश संशोधकांना मिश्र गाठींत आठव्या गुणसूत्राची मोडतोड वारंवार दिसली. १९९७ साली त्या जागेवरचा जीन सापडला आणि गाठीवरूनच त्याचे नाव ‘प्लॅग-१’ पडले. गर्भात काम करणारा आणि पुढे झोपी जाणारा हा जीन तिसऱ्या गुणसूत्रावरच्या सतत जाग्या कळीला जोडला जातो आणि पुन्हा कामाला लागतो. संदिग्ध काचेवर आता त्याचा डाग देऊन पाहता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७२ च्या पहिल्या वर्गीकरणात मिश्र गाठ आणि उरलेल्या सगळ्या एकरूपी ॲडेनोमा अशी सुटसुटीत विभागणी होती. २०२२ च्या आवृत्तीत सौम्य गाठींची यादी पंधरावर गेली आहे.

मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली, आणि तोंडाच्या कॅन्सरबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेच तिथून आले. सौम्य गाठी अशा नोंदणीत बसत नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रात वर्षाला किती जणांना पॅरोटिडची साधी गाठ होते, किती जण चरबीची गाठ समजून ती गल्लीतल्या दवाखान्यात कानाखाली भूल देऊन काढून घेतात, हे कुठल्या तक्त्यात सापडणार नाही. ही दुसरी गोष्ट अजून घडते, आणि तिचा परिणाम १९३६ चाच असतो. कानाच्या पाळीला उचलून धरणारी, महिनोन् महिने जैसे थे असलेली गाठ चरबीची आहे असे समजून कोणी चिरा द्यायला निघाला, तर आधी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी मागावी. उलट टोकाची चूकही होते. ‘साधी आहे, राहू दे’ म्हणून मिश्र गाठ वीस-वीस वर्षे वागवली जाते. जितकी जुनी, तितका तिच्यात कॅन्सर उपजण्याचा धोका वाढतो. वर्षानुवर्षे शांत असलेली गाठ अचानक झपाट्याने वाढू लागली, दुखू लागली किंवा ओठ वाकडा झाला, तर आठवडाही थांबू नये. वॉर्थिनच्या गाठीचे तसे नाही. निदान पक्के असेल आणि रुग्ण वयस्क, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजारी असेल, तर नुसते लक्ष ठेवण्याचा सल्ला आता बरेच सर्जन देतात, आणि तो योग्य आहे.

ऑपरेशन उत्तम झाले तरी मिश्र गाठीचा पाठपुरावा लांब चालतो. ती परत येते तेव्हा बहुधा सात-आठ वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही, आणि तरुण रुग्णांत अधिक. तोवर सर्जन निवृत्त झालेला असतो, इस्पितळाने जुन्या फायली निकाली काढलेल्या असतात, रुग्ण दुसऱ्या गावी गेलेला असतो. नव्या सर्जनला तेव्हा सर्वांत आधी हवा असतो तो पहिल्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट: गाठ अखंड निघाली होती की फुटली होती, आवरण कुठे पातळ होते, कडेला पेशी दिसल्या होत्या का. टाके काढायच्या दिवशीच तो कागद रुग्णाच्या हाती द्यावा आणि रेशनकार्डाबरोबर जपून ठेवायला सांगावे.